उशीवरून डोकं उचला

[दृश्य : अतिदक्षता विभाग. डॉक्टर खाटेच्या उशाशी वाकलेल्या.]

"भाऊ, उशीवरून डोकं उचला बरं. उचला. धरून ठेवा तसंच."

डॉक्टर मोजताहेत. एक, दोन, तीन. चारला मान उशीवर पडली.

हा माणूस शुद्धीवर आहे. सकाळी त्यानं चहा मागितला होता. मॉनिटरवर ऑक्सिजन ९७, नाडी ठीक, बीपी ठीक. बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या भावानं आत्ताच विचारलं, "आता त बरा हाय ना जी? घरी नेलं त चालन का?" आणि इथं डॉक्टर सिस्टरना सांगताहेत, व्हेंटिलेटर जवळ घ्या, ट्यूब टाकायची तयारी करा.

[दृश्य : वावर. छातीच्या वर गेलेली पऱ्हाटी, पाठीवर पंप घेतलेला मजूर, वाऱ्यानं उलटा येणारा फवारा.]

यवतमाळ जिल्ह्यातलं वावर. खाटेवरच्या त्या माणसाला विषबाधा झाली ती अशाच ठिकाणी फवारताना. पऱ्हाटी एवढी वाढली की फवारा पानांवर कमी आणि माणसाच्या तोंडावर जास्त येतो. ऑर्गनोफॉस्फरस गटातलं कीटकनाशक श्वासातून जातं, घामेजल्या कातडीतूनही जातं. मग तोंडाला लाळ, छातीत खरखर, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. त्यावर पहिला उतारा ॲट्रोपिन. दर पाच मिनिटांनी छाती ऐकायची आणि खरखर असेल तर डोस दुप्पट करायचा. छाती मोकळी होईपर्यंत डॉक्टर खाट सोडत नाहीत. हे काम ग्रामीण रुग्णालयातही सुरू होऊ शकतं आणि तिथंच सुरू व्हायला हवं.

पण पेशंट सावरल्यासारखा दिसू लागतो, तिथून खरी जोखीम सुरू होते. साधारण पहिल्या ते चौथ्या दिवसात काहींचे मानेचे स्नायू ढिले पडतात, पाठोपाठ श्वासाचे. श्वास आतून थकत चाललेला असतो आणि बाहेरून लावलेल्या ऑक्सिजनमुळे मॉनिटरवरचा आकडा मात्र चांगला दिसत राहतो. म्हणून ही उशीची परीक्षा. क्रिटिकल केअरचा, म्हणजे अतिदक्षतेचं शिक्षण घेतलेला डॉक्टर ती पाळीत पुन्हा पुन्हा घेतो, रात्री दोन वाजताही.

२०१७च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले.

[दृश्य : ट्यूब टाकतानाचे हात. नंतर व्हेंटिलेटरचा पडदा.]

आता नळी श्वासनलिकेत आहे. यंत्र सुरू झालं, पण काम इथून वाढतं. दर श्वासाला हवा किती द्यायची हे पेशंटच्या उंचीवरून काढलेल्या वजनावर ठरतं, किलोमागे सहा ते आठ मिलिलिटर. जास्त दिली तर फुप्फुसालाच इजा. मनगटाच्या धमनीतून रक्त काढून त्यातला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, आम्ल तपासायचं आणि त्यानुसार यंत्र बदलायचं. खाटेची उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली, तोंडातली लाळ छातीत उतरून न्यूमोनिया होऊ नये म्हणून. दर दोन तासांनी कूस बदलायची. या दृश्यात दोन सिस्टर आणि एक मावशी चादरीसकट पेशंट वळवताहेत. असं दिवसातून बारा वेळा. आणि रोज सकाळी एकच प्रश्न : आज नळी काढता येईल का?

[दृश्य : दुसरी खाट. डॉक्टर बोटानं पापणी उचलताहेत.]

या बाईंना मण्यार चावला. रात्री जमिनीवर झोपल्या असताना. मण्यारचा दंश बहुतेक दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या पडतात, बोलणं जड होतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं आणि ते यांना लगेच मिळालं. पण मण्यारचं विष मज्जातंतूंच्या टोकांना धरून बसलं की प्रतिविषानंतरही श्वास परतायला दिवस लागतात. तोवर व्हेंटिलेटर.

नीट बघा. हात हलत नाही, पापणी हलत नाही, बाहुलीही उजेडाला दाद देत नाही. नवख्याला वाटेल, सगळं संपलं. यांना मात्र ऐकू येतंय. म्हणून डॉक्टर पापणी बोटानं वर धरून बोलताहेत, "ताई, लेकरू बाहेर आहे. तुमचा श्वास यंत्र घेतंय, घाबरू नका."

[दृश्य : १०८ रुग्णवाहिका. डॉक्टर हातानं अंबू बॅग दाबताहेत.]

क्रिटिकल केअरची विद्या सुरू झाली ती अशी श्वासाची पिशवी हातानं दाबण्यातूनच. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वास थांबलेल्या पेशंटना पुरतील एवढी यंत्रं नव्हती. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं गळ्याला पाडलेल्या छेदातून नळी बसवली आणि पिशवीनं हवा द्यायला सुरुवात केली. वैद्यकीय विद्यार्थी, सुमारे दीड हजार, पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं उतरलं. पुढच्याच वर्षी त्याच शहरात इब्सेननी अतिदक्षता विभाग सुरू केला. यंत्र मागाहून आलं, आधी माणूस उशाशी बसला. आपल्याकडे कोरोनात यंत्रं आली. उशाशी बसणारा डॉक्टर तालुक्याला अजून यायचा आहे.

तो घडायला वेळ लागतो. एमबीबीएसनंतर मेडिसिन, भूलशास्त्र किंवा छातीविकार यांत तीन वर्षं, त्यानंतर क्रिटिकल केअरचं डीएम किंवा डीआरएनबी, आणखी तीन वर्षं. इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनचे याहून कमी मुदतीचे अभ्यासक्रमही आहेत. भूल आणि मेडिसिनचे अनुभवी डॉक्टर हे शिकून उपजिल्हा रुग्णालयात उभे राहू शकतात. ही मागणी ग्रामसभेत व्हावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

[दृश्य : पांढरकवडा बसस्थानक, हमरस्ता, मैलाचा दगड.]

तोवर असा डॉक्टर शोधावा लागतो, आणि पेशंट गाडीत घातल्यावर शोधायला वेळ नसतो. पांढरकवड्याहून यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय साठ-सत्तर किलोमीटर. वर्ध्याकडच्यांना सेवाग्राम आणि सावंगी, पूर्वेला चंद्रपूर, गोंदिया, पश्चिमेला अकोला, आणि नागपुरात मेडिकल, मेयो, एम्स. सिरोंच्याहून जिल्ह्याचं ठिकाणच दोनशे किलोमीटरच्या आसपास.

खासगी दवाखान्याच्या पाटीवर आयसीयू लिहिलेलं असलं तरी विचारा : रात्री आत डॉक्टर असतो की फोनवर? त्याचं शिक्षण काय? व्हेंटिलेटर आत्ता रिकामा आहे का? धमनीच्या रक्ताची तपासणी इथंच होते का? डायलिसिस आहे का? विचारताना संकोच नको, चांगला डॉक्टर याचं उत्तर लगेच देतो. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव टाकून तपासता येते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतला दवाखाना असेल तर तिथं योजनेचा मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड सोबत असू द्या. योजनेचा फोन १५५३८८.

निघण्याआधी पुढच्या दवाखान्याला फोन करून खाट धरायला सांगा. चिठ्ठीवर कोणतं औषध, किती, किती वाजता दिलं हे लिहून घ्या. फवारणीच्या डब्याचा किंवा लेबलचा फोटो न्या. साप मारायला, पकडायला थांबू नका. दंशावर चिरा नको, आवळून बांधणं नको, कडुनिंबाचा पाला चावून बघणं नको. तो अवयव हलू न देता १०८.

[दृश्य : ग्रामपंचायतीची भिंत. पेंटर अक्षरं रंगवतोय.]

या गावात आशाताई आणि सरपंचांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बसवून यादी केली. १०८. ॲट्रोपिन आणि सापाचं प्रतिविष कुठं मिळतं. रात्री डॉक्टर हजर असलेला जवळचा आयसीयू, त्याचा फोन. रस्ता बंद असेल तर दुसरा. पोळ्याच्या सुमारास फवारणीचा जोर वाढतो, म्हणून रंगकाम त्याआधी उरकायचं ठरलं. शेजारच्या गावच्या ग्रामसेवकांनी यादीचा फोटो मागून घेतला आहे.