गच्चीवरची माती आणि माणसे

[दृश्य : पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचे प्रवेशद्वार. सकाळची थंडी. टेम्पोतून, रिक्षांतून कुंड्या उतरत आहेत.]

जानेवारी संपत आला, की प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते. पूर्वी सैनिकांची बाग म्हणून ओळखली जाणारी आणि पुढे राणी व्हिक्टोरियाच्या सम्राज्ञी या पदवीवरून नाव मिळालेली ही बाग सुमारे ३९ एकरांची आहे. १८३० साली स्थापन झालेली ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था तिची देखभाल करते आणि हे प्रदर्शनही तीच भरवते. मोठ्या रोपवाटिका, सरकारी आणि खाजगी संस्था यांच्या मांडणीकडे गर्दीचे लक्ष आधी जाते. आम्ही मात्र कॅमेरा वळवला तो हौशी बागकामकऱ्यांच्या टेबलांकडे, जिथे एकेका बाटलीत एकेक गुलाब उभा आहे आणि त्याच्या शेजारी तो वाढवणारी व्यक्ती अवघडून उभी आहे.

ही माणसे एकेकटी आलेली नाहीत. शहराच्या वेगवेगळ्या वस्त्यांत गच्चीवर, बाल्कनीत आणि सोसायटीच्या अंगणात बाग करणाऱ्यांची छोटी मंडळे आहेत. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचे, एकमेकांची झाडे पाहायची, रोपे आणि बिया वाटून घ्यायच्या, असे त्यांचे साधे स्वरूप असते. बहुतेकांची नोंदणी नाही, कार्यालय नाही, आणि वर्गणी असली तरी ती चहापुरती. प्रदर्शनातला गुलाब एकाच्या नावाने उभा राहतो, पण त्याच्या मुळाशी अनेकांचे हात असतात, आणि आमच्या या चित्रफितीचा विषय ते हात आहेत.

[दृश्य : गुलाबाच्या फांदीवर कात्री. जवळून.]

गुलाबापासून सुरुवात करू. पावसाळा ओसरला की ऑक्टोबरात पुण्यातील गुलाबांची मुख्य छाटणी होते. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेल्या या शहराचा हिवाळा कोरडा आणि थंड असतो, आणि तो गुलाबाला मानवतो. परंतु जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नेमके फूल हवे असेल, तर उलटा हिशेब करावा लागतो. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण ४५ ते ५५ दिवस लागतात आणि थंडी वाढली की हे दिवसही वाढतात. म्हणून प्रदर्शनासाठी राखलेल्या झाडांवर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा कात्री चालते, तीही सर्व झाडांवर एकाच दिवशी चालत नाही. दोन-तीन दिवसांच्या अंतराने थोडी थोडी झाडे छाटली, म्हणजे थंडीने कितीही चकवले तरी काही फुले तरी वेळेवर येतात.

हा हिशेब पुस्तकात सापडतो, पण पुस्तकाला आपल्या गच्चीची दिशा ठाऊक नसते. पूर्वेच्या गच्चीवर आणि उंच इमारतीच्या सावलीत सापडलेल्या बाल्कनीत एकाच जातीचा गुलाब वेगवेगळ्या दिवशी फुलतो. मंडळातील अनुभवी सदस्य नव्या सदस्याच्या घरी जाऊन ऊन किती तास मिळते हे पाहतात आणि मगच तारीख सांगतात. त्यानंतर मधली कळी ठेवून बाजूच्या कळ्या लहान असतानाच खुडायच्या, म्हणजे झाडाची ताकद एका फुलात एकवटते. फूल पहाटे, ऊन चढण्याआधी कापायचे, देठाला तिरका काप द्यायचा आणि लगेच ते मानेपर्यंत पाण्यात बुडवून ठेवायचे. हायब्रिड टी, म्हणजे लांब देठावर एकेकटे मोठे फूल देणाऱ्या प्रकारातील गुलाब परीक्षकांसमोर अर्धा ते पाऊण उमललेला असावा लागतो, त्यामुळे आदल्या रात्री फूल किती उमलले आहे याची काळजी घरोघरी चालते आणि फोनवरून फुलांचे फोटो इकडून तिकडे जात राहतात. एकाच स्पर्धेत उतरलेली माणसे एकमेकांना हा सल्ला मोकळेपणाने देतात. बक्षिसांपेक्षा आम्हाला ही गोष्ट अधिक मोलाची वाटते.

[दृश्य : गच्ची. पालापाचोळ्याचा ढीग, बादल्या, गोणपाट.]

या मंडळांचे खरे वर्षभराचे काम मात्र फुलांचे नसून मातीचे आहे. शहरात चांगली माती मिळणे अवघड असते. बांधकामाच्या खोदाईतून आलेला मुरूम किंवा निर्जीव लाल माती गोणीने विकत मिळते. कुंडीत ती पावसाने घट्ट बसते आणि उन्हात दगडासारखी होते. शिवाय वजनाचा प्रश्न असतो. एक घनफूट ओली माती ४५ किलोच्या आसपास भरते, आणि अशा मातीने भरलेले वाफे स्लॅबवर थेट रचले तर इमारतीला धोका आणि शेजाऱ्यांशी भांडण, दोन्ही ओढवते. म्हणून गच्चीवरची बाग करणाऱ्यांनी हलक्या, सेंद्रिय मिश्रणाचा मार्ग धरला, ज्यात वाळलेली पाने, उसाचे चिपाड, नारळाच्या शेंड्या, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि थोडीच माती असते.

या मार्गामागे महाराष्ट्रातील एक मोठी परंपरा आहे आणि ती इथे सांगणे आवश्यक आहे. गणिताचे प्राध्यापक असलेल्या श्री. अ. दाभोलकर यांनी प्रयोग परिवार ही चळवळ उभी केली. तासगाव परिसरातील द्राक्षबागायतदारांनी आपापल्या बागेत प्रयोग करावेत, निरीक्षणे नोंदवावीत आणि ती एकमेकांना सांगावीत, अशी तिची पद्धत होती. पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब मांडणारा हा विचार शेतापुरता राहिला नाही, तो शहरातल्या गच्च्यांवरही पोहोचला. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाचे चिपाड वापरून गच्चीवर भाज्या आणि फळे पिकवून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर तेथील अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ पासून स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर बाग उभी केली आणि पुढे नागरिकांचे गट त्या कामात सामील झाले. पुण्यातील आजच्या मंडळांत ही नावे सर्वांनाच ठाऊक असतील असे नाही, पण त्यांच्या बादल्यांत जे मुरत ठेवलेले असते ते याच परंपरेतून आलेले आहे.

त्यातील एक कृती तपशिलाने पाहण्यासारखी आहे. तिला अमृत माती म्हणतात. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ घालून ते तीन दिवस ढवळत ठेवायचे आणि नंतर दहापट पाण्यात मिसळायचे. या पाण्यात वाळलेला पालापाचोळा दिवसभर भिजवायचा आणि त्याचे व मातीचे पातळ थर एकावर एक रचून सुमारे फूटभर उंचीचा ढीग करायचा. हा ढीग ओला आणि झाकलेला ठेवून, अधूनमधून पलटवत, महिनाभर कुजू द्यायचा. मग त्यावर मेथी, मूग, मोहरी, बाजरी, झेंडू, मिरची अशा नाना तऱ्हेच्या बिया पेरायच्या. उगवलेल्या हिरवळीचे शेंडे २१ व्या आणि ४२ व्या दिवशी खुडून त्यातच टाकायचे आणि ६३ व्या दिवशी सगळी हिरवळ मुळाशी कापून पुन्हा त्या ढिगात मिसळायची. हे सारे नीट कुजून तयार व्हायला एकूण साडेचार महिने लागतात. हाती येणारी काळी, भुसभुशीत, पावसानंतरच्या रानासारखा वास असलेली माती बाजारात कुठेही मिळत नाही.

साडेचार महिने धीर धरणे एकट्या माणसाला जड जाते, आणि नेमकी इथे मंडळाची गरज भासते. ढीग कुणा एकाच्या गच्चीवर असतो, शेण कुणीतरी जवळच्या गोठ्यातून आणतो, पलटी मारायला रविवारी चारजण जमतात आणि तयार माती पाट्या मोजून वाटली जाते. नव्या सदस्याला पहिली पाटी फुकट द्यायची, असा रिवाज आम्हाला दिसला. त्या पाटीतले जीवाणू त्याच्या कुंड्यांत विरजणाचे काम करतात.

[दृश्य : रस्त्याकडेला झाडलेल्या पानांची पोती. दुचाकीवर पोते बांधले जात आहे.]

वाळलेली पाने हा या सगळ्याचा कच्चा माल आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये शहरातील झाडे पाने गाळतात आणि अजूनही अनेक ठिकाणी ती पाने जाळली जातात. धुराने माणसांची छाती भरते आणि मातीचे अन्न राख होते, म्हणून या सवयीविरुद्ध बागप्रेमींना बोलावेसे वाटते, आणि आमचेही मत त्यांच्या बाजूचे आहे. पुण्यात ब्राऊन लीफ या नावाने चाललेल्या उपक्रमाने ज्यांच्याकडे पाने जास्त आहेत आणि ज्यांना ती हवी आहेत, अशा नागरिकांची गाठ घालून दिली. त्यातून पानांची पोती शहरभर फिरू लागली. घरच्या ओल्या कचऱ्याचे गांडूळखत करणाऱ्यांना महापालिका मालमत्ताकरात सवलत देते. मंडळातल्या लोकांशी बोलताना मात्र जाणवते, की सवलत नसती तरी त्यांनी हे काम सोडले नसते.

[दृश्य : मंडळाची बैठक. सतरंजीवर बियांच्या पुड्या, वर्तमानपत्राचे तुकडे, मार्कर.]

बियांची देवघेव हा बैठकीतला सर्वांत गजबजलेला भाग. वालाचे आणि घेवड्याचे रंगीत दाणे, अंबाडी, घोसाळी, देशी टोमॅटो, लाल माठ. प्रत्येक पुडीवर नाव, कुठून आले आणि कोणत्या महिन्यात धरले हे लिहिलेले असते. बी कसे धरावे याची जाण आजही सर्वांत जास्त आहे ती गावातून शहरात आलेल्या बायकांकडे. पहिल्या तोड्यातली, रोग नसलेली, ठसठशीत शेंग वेलावरच वाळू द्यायची, दाणे राखेत घोळवून कोरड्या डब्यात ठेवायचे, हे त्यांनी आईकडून आणि सासूकडून उचललेले असते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपल्याबद्दल २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा घरातल्या मडक्यांत बी ठेवणाऱ्या असंख्य बायकांचे ज्ञान लोकांच्या नजरेत भरले. मंडळाच्या सतरंजीवर अशा बायकांचे म्हणणे निवृत्त अभियंते आणि प्राध्यापक वहीत उतरवून घेतात. "काकू, दुधी भोपळ्याला फळच धरत नाही," असे कुणी म्हटले, की "संध्याकाळी नरफूल तोडून मादीफुलाला लाव बाळा, सातव्या मजल्यावर माशा कुठून येणार," असे उत्तर लगेच मिळते.

फळझाडांची हौसही मोठी आहे. मोठ्या ड्रममध्ये लिंबू, अंजीर, डाळिंब आणि पेरू लावतात. पेरू म्हटले की पुण्याचा अभिमान जागा होतो, कारण देशभर पसरलेला सरदार पेरू, ज्याला एल-४९ असेही म्हणतात, तो १९२७ मध्ये याच शहरातील गणेशखिंडच्या फळबागेत निवडला गेला. गुटी कलम कसे बांधावे याचे प्रात्यक्षिक पावसाळ्यात होते. फांदीची साल अंगठीसारखी काढायची, ओले शेवाळ लावायचे आणि प्लास्टिकने घट्ट बांधायचे. मुळे धरली की कलम कापून शेजारच्या सदस्याच्या घरी जाते.

रोगराईचे प्रश्न सर्वांचे सारखेच असतात. पिठ्या ढेकूण जास्वंदीवर आला की सगळ्यांच्या जास्वंदीवर येतो. लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारायचे, हा उपाय प्रत्येक नव्या सदस्याला सांगावा लागतो, आणि तो न कंटाळता सांगितला जातो.

एक उणीवही नोंदवली पाहिजे. अशा मंडळांत निवृत्तीनंतरची माणसे आणि दुपारी घरी असणाऱ्या गृहिणी अधिक दिसतात. नोकरी करणारी तरुण मंडळी बाल्कनीत रोपे ठेवतात, पण बैठकीला त्यांना सवड नसते, आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना घरमालक गच्ची वापरू देत नाही. काही मंडळांनी यावर तोडगा काढला आहे. सोसायटीच्या मोकळ्या पट्टीत सामाईक वाफे करायचे आणि त्यांची देखभाल मुलांकडे द्यायची. शाळेतून परतलेली मुले पालकाची जुडी स्वतः कापून घरी नेतात, तेव्हा त्यांच्यामागून आईबापही वाफ्यापाशी येऊ लागतात. या प्रयत्नांना अधिक जागा मिळायला हवी, असे आम्हाला कळकळीने वाटते. महापालिकेच्या प्रत्येक उद्यानात चार वाफे नागरिकांसाठी राखून ठेवणे अशक्य नाही.

[दृश्य : मे महिन्यातील गच्ची. हिरवी शेडनेट. वाळलेल्या पानांनी झाकलेल्या कुंड्या.]

उन्हाळा हा कसोटीचा काळ. गच्चीवरची फरशी तापते, कुंडीतली मुळे बाजूंनी भाजतात आणि त्याच दिवसांत पाणीकपात सुरू होते. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवणे, मातीवर पानांचा जाड थर देणे, भाज्या धुतलेले पाणी बादलीत साठवणे, हे उपाय सर्वजण करतात. पण मे महिन्यात माणसे गावी जातात आणि झाडे मागे राहतात. त्यासाठी मंडळात पाणी घालण्याच्या पाळ्या लागतात. एप्रिलच्या बैठकीत एक तक्ता फिरतो. कोण कधी गावी जाणार, किल्ली कुणाकडे ठेवणार, कोणत्या कुंडीला रोज पाणी आणि कोणत्या कुंडीला एक दिवसाआड, हे त्यात लिहिले जाते. ज्यांना जिने चढणे झेपत नाही ते फोनवर आठवण करून देण्याची जबाबदारी घेतात. कोकणातून परतणारा सदस्य पाळी करणाऱ्यांसाठी आंबे आणतो, आणि जूनच्या बैठकीत आंबे कापता कापता पावसाळी भाज्यांच्या बियांची यादी तयार होते : भेंडी, काकडी, दोडका, कारले, पडवळ, आणि मागच्या वर्षी ज्यांचे बी कमी पडले ते काळे वाल.