दिल्लीला डोंगर आहे, आपण बघत नाही

नमस्कार श्रोतेहो. २०२५च्या फेब्रुवारीत ९८वं साहित्य संमेलन दिल्लीत तालकटोरा स्टेडियमला झालं, तुमच्यापैकी काहीजण गेलेही असतील. तर त्या स्टेडियमला लागून जी दाट झाडी आहे ना, ती अरवलीच्या डोंगररांगेची आहे. १७३७ला बाजीराव पेशवे दिल्लीवर चालून गेले तेव्हा मराठी फौजेचा तळसुद्धा तालकटोऱ्यालाच, ह्याच डोंगराच्या पायथ्याला पडला होता. आणि तरी लोक म्हणतात की दिल्ली सपाट आहे!

गुजरातपासून राजस्थान, हरियाणा करत साधारण ६७० किलोमीटर आलेली ही रांग दिल्लीत यमुनेजवळ वझिराबादला संपते, तिथले लोक तिला नुसतं रिज म्हणतात. उंची फार नाही, नदीकाठच्या मैदानापेक्षा जेमतेम शंभरेक मीटर वर, तेही दक्षिणेला भाटीकडे. पण वय बघा. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, आणि रिजचा क्वार्टझाइट नावाचा कठीण दगड शंभर कोटींच्याही पलीकडचा, म्हणजे एवढा झिजलाय तो म्हातारपणामुळे.

ह्या दगडाशिवाय दिल्ली उभीच राहिली नसती हो. तुघलकाबादचा किल्ला त्याचाच, लाल कोट ह्या दिल्लीतल्या जुन्या किल्ल्याच्या भिंती त्याच्याच, राष्ट्रपती भवन ज्या रायसीना टेकडीवर आहे तीही ह्याच रांगेची, आणि जामा मशीद पण एका टेकाडावरच बांधलेली आहे.

पण मला खरं बोलायचंय ते पाण्याबद्दल. हा कातळ भेगाळलेला आहे, पावसाचं पाणी त्या भेगांतून आत जातं आणि खालच्या विहिरी, बोअरवेल भरतात. शिवाय रिज मध्ये आडवी असल्याने पश्चिमेकडचं पाणी सरळ यमुनेत जाऊच शकत नाही, राजस्थानातून येणारी साहिबी नदी नजफगढवरून वळसा घालून उत्तरेला वझिराबादजवळ यमुनेला मिळते, आज आपण तिला नजफगढ नाला म्हणतो आणि नाक दाबतो, नदी होती ती!

आणि उंच नाही म्हणून डोंगर नाही, असं धरून लोकांनी तो खाल्ला. भाटीला बांधकामाच्या लाल वाळूसाठी, तिथे तिला बदरपूर म्हणतात, इतकं खणलं की आता तिथे खोल खड्डे आणि त्यात साचलेली तळी आहेत. १९९४ला दिल्ली सरकारने ७,७७७ हेक्टर रिज राखीव जंगल करायची म्हणून नोटिफाय केली, हे फार मोठं काम झालं, पण कागदावरच्या जंगलात बऱ्याच ठिकाणी झाडं कुठली, तर इंग्रजांनी लावलेली विलायती किकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, ती बाहेरून आलेली आणि दुसऱ्या झाडांना वाढू देत नाही.

मूळचं जंगल बघायचं तर दिल्लीच्या हद्दीबाहेर फरीदाबाद जिल्ह्यात मांगर बनीला जा. तिथे गुर्जर गावांनी एका साधूबाबाच्या नावाने रान राखलंय, थेट आपल्या देवराईसारखं, फांदी तोडायची नाही, गुरं सोडायची नाहीत. धौ नावाची झाडं आहेत तिथे, ती उघड्या कातळावरसुद्धा मुळं धरतात. विमानतळापासून गाडीने फार लांब नाही ते, हिवाळ्यात दिल्लीला गेलात तर लाल किल्ला एक दिवस पुढे ढकला आणि इथे जाऊन या, मुलांनाही न्या.