गाडी बंद पडते म्हणजे नक्की काय होतं?

मंडळी, बाईकबद्दल विचारायला येणारे बरेचजण निदान घरूनच करून येतात. "कार्ब्युरेटर गेलाय, काय करू?" अहो पण तो गेलाय हे ठरवलं कुणी? जाणकार माणसाला तुमचं निदान नको असतं, गाडी काय करते ते हवं असतं, कधी करते, गरम असताना का थंड असताना, स्लोवर का रेस दिल्यावर.

आता नुसतं "गाडी बंद पडते" एवढंच सांगितलं तर मी काय डोंबल सांगणार. पण समजा कोणी म्हणालं की सकाळी एका किकमध्ये चालू होते, पंधरावीस मिनिटं झकास पळते, मग पेट्रोल संपल्यासारखी गचके खात बंद पडते आणि दहा मिनिटं थांबलं की परत चालू, तर अर्धं काम तिथंच झालं. कारण आता संशयित मुख्य दोनच उरले. एक म्हणजे टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय, पेट्रोल खाली जातं पण वरून हवा येत नाही, टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. दुसरा म्हणजे इग्निशन कॉइल किंवा पिकअप कॉइल (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्रणेतली तारेची गुंडाळी), जी तापली की आतली वाइंडिंग तुटते आणि थंड झाली की परत जुळते. मग ओळखायचं कसं, तर बंद पडल्या पडल्या झाकण उघडा (शेजारी कोणी सिगारेट ओढत नाही ना ते आधी बघा!), फुस्स आवाज झाला आणि गाडी लगेच चालू झाली तर झाकण साफ करा, विषय संपला. नाही झाली तर तिथंच, गरम असतानाच, प्लगला करंट येतोय का बघा. गॅरेजला नेईपर्यंत ती गार होते, सगळं नीट चालतं आणि मेकॅनिक म्हणतो गाडीला काहीच झालेलं नाही, आणि त्याचंही चूक नसतं हो.

हीच गाडी फक्त स्लोवर बंद पडत असती तर मी आधी स्लो जेटकडे (कार्ब्युरेटरमधलं, स्लोवर पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बघितलं असतं, आणि गिअर टाकताक्षणी बंद पडत असती तर साइड स्टँडच्या स्विचकडे, स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद करतो तो.

आकडे सांगता आले तर फारच बरं. बॅटरी सारखी उतरते म्हणता ना, मग साधा मल्टीमीटर लावा, रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत आणि चार-पाच हजार आरपीएमला साधारण 13.5 ते 14.5. रेस देऊनही आकडा वर चढत नसेल तर नवी बॅटरी टाकून काही होणार नाही, स्टेटर (इंजिनवर वीज बनवणारी कॉइल) नाहीतर रेग्युलेटर (ती वीज आवरून बॅटरीला देणारा डबा) बघावा लागेल. उलट 15 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला समजा, बॅटरी उकळवून टाकेल तो.

आणि लोक एक गोष्ट हमखास लपवतात, मुद्दाम नाही, सुचतच नाही. आधी काय बदललं ते. क्लच स्लिप होतोय, प्लेट बदलू का असं विचारतात आणि बऱ्याच वेळानं कळतं की मागच्याच आठवड्यात कारचं ऑइल ओतलंय. बहुतेक बाईकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, कारच्या कित्येक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, मग प्लेटा घसरणारच. डब्यावर जासो (JASO) एमए किंवा एमए2 लिहिलेलं बघून घ्या, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची ती खूण.

सल्ला देणारा खरा कसा ओळखायचा? तो आधी उलट प्रश्न विचारतो. काही न विचारता "सीडीआय बदल" (म्हणजे ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) म्हणणारा तुमच्या पैशांवर जुगार खेळतोय. निळा धूर आणि पिकअप कमी म्हटल्यावर थेट बोअर करायला (सिलिंडर आतून घासून मोठा करायला) सांगणाऱ्यापेक्षा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजा असं सांगणारा बरा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर झिजलेत, नाही वाढला तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट. आणि हो, एका वेळी एकच गोष्ट बदला, तीन बदलल्या तर कशानं बरी झाली ते कुणालाच कळत नाही.

ब्रेकचं मात्र वेगळं आहे. लिव्हर मऊ लागतोय, हँडलला टेकतोय असं कोणी फोनवर सांगितलं तर हवा शिरली असेल, फ्लुइड जुनं झालं असेल, कुठंतरी गळत असेल, ते हाताळल्याशिवाय कळत नाही. अशी गाडी चालवत आणू नका, टेम्पोत घालून आणा.