दहा हजार तालांत

(दृश्य: वसईतलं चर्च, सकाळची मिस्सा.)

उपवासकाळातल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या प्रायश्चित्ताच्या दिवसांतल्या, तिसऱ्या आठवड्याचा मंगळवार. बाकांवर माणसं मोजकीच, त्यातही वयस्कर जास्त. धर्मगुरूंचा झगा जांभळा. वेदीपाशी फुलं नाहीत. ‘आलेलुया’ हा आनंदाचा जयघोष तर राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, ऐकू आलेला नाही. आजचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूचा उतारा, ठरलेलं असतं: मत्तय, अध्याय 18.

येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो, भावानं अपराध केला तर किती वेळा क्षमा करायची? सात वेळा? विचारताना त्याला वाटलं असणार, आपण बरेच सढळ झालो. येशू म्हणतो, साताच्या सत्तर वेळा. आणि एक गोष्ट सांगतो. हिशेबाची.

एका चाकराकडे राजाचं येणं निघतं, दहा हजार तालांत. एका तालांताचे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. मांडून बघा. सहा कोटी दिवस. एकही खाडा न करता राबला तरी 1 लाख 64 हजार वर्षं! ऐकणाऱ्यांत हशा पिकला असेल. चाकर मात्र हात जोडून म्हणतो, जरा दम धरा, सगळं फेडतो. राजा मुदत वाढवून देत नाही, कर्जच सोडून देतो.

बाहेर पडल्या पडल्या त्याच चाकराला स्वतःचा देणेकरी भेटतो. देणं शंभर दिनार. हा त्याचा गळाच धरतो.

प्रवचनात हे शंभर दिनार बहुधा चिल्लर म्हणून उडवले जातात. मला ते पटत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाची तीन महिन्यांची मजुरी बुडाली, तर चूल विझते. आपल्याला ज्यांनी दुखावलं, त्यांचं देणं खरंच असतं, आणि सोडलं तर तोटा आपल्यालाच सोसावा लागतो. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत, जुन्या मराठी बायबलात, शब्दही तोच आहे: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे.’

(दृश्य: मध्य प्रदेश, उदयनगरचा रस्ता.)

देवास जिल्ह्यातल्या या उदयनगरात केरळहून आलेली एक सिस्टर, म्हणजे धर्मभगिनी, काम करायची. राणी मारिया. भूमिहीन आदिवासींना सावकाराच्या विळख्यातून सोडवायचं, बचतीची सवय लावायची, सरकारी योजना समजावून सांगायच्या. ज्यांचं व्याज बुडत होतं, त्यांच्या डोळ्यांत ती सलायला लागली.

25 फेब्रुवारी 1995. ती इंदूरच्या बसमध्ये बसली होती. समुंदर सिंह नावाच्या तरुणानं तिच्यावर चाकूनं वार केले, करतच राहिला. अंगावर पन्नासहून जास्त जखमा. वय 41. राखेचा बुधवार चार दिवसांवर आला होता.

समुंदर सिंहला जन्मठेप झाली. 2002 मध्ये राणी मारियाची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिनं त्याच्या मनगटावर राखी बांधली. सात वर्षं लागली होती, हे विसरू नये. क्षमेच्या गोष्टी सांगताना आपण मधली वर्षं गाळतो, आणि मग ज्याला अजून जमत नाही तो स्वतःलाच दोष देत बसतो. पुढे घरच्यांनीही त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला. 2006 मध्ये तो बाहेर आला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये राणी मारियाला ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं, तेव्हा तोही तिथे होता.

त्याच्या आधी, सुटल्यानंतर, तो केरळला तिच्या आईवडिलांना भेटायला गेला होता. आईनं त्याचे हात हातात घेतले आणि त्यांचं चुंबन घेतलं. तिच्या लेकीचं रक्त त्या हातांना लागलं होतं, म्हणून.