नाण्यावर ठसा कोणाचा?

मंडळी, एकेक पात्र होऊन बोलत-बोलत गोष्ट खेळायची, अशा रोलप्लेइंग खेळांत फँटसी, म्हणजे जादू आणि ड्रॅगनचं काल्पनिक जग, इतकं का चालतं? आमच्या टेबलावर असाच एक खेळ अडला होता, तिथूनच सुरुवात करतो. घाटमाथ्यावरचा खेळ, साल 1665, गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. दोन हेर रात्री एका म्हातारीकडे उतरले. तिनं भाकरी वाढली. जेवण झाल्यावर एक खेळाडू म्हणाला, "मी तिच्या हातावर दोन शिवराया ठेवतो." दुसरा लगेच म्हणाला, "शिवराई कुठली? राज्याभिषेक 1674 चा. त्याआधी शिवराई पडलीच नाही." मग होन निघाले, आदिलशाही लारी निघाली, फोन बाहेर आले. पाऊण तास गेला आणि म्हातारी हात पुढे करून तशीच उभी.

पुढच्या रविवारी हीच माणसं डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फँटसी खेळ खेळायला बसली. खेळातल्या एका सराईत शिरली. "एक सोन्याचं नाणं देतो." त्यावर ठसा कोणाचा, हे कोणी विचारलं नाही. सराईवाला पुढे झुकला आणि गोष्ट सुरू झाली.

फँटसी इतकी का चालते, याचं उत्तर मला त्या नाण्यात सापडलं. लोक म्हणतात, माणसाला रोजच्या जगण्यातून सुटका हवी असते. असेल, पण ती सिनेमातही मिळते. इथे चार-पाच जण नुसत्या बोलण्यातून जग उभं करतात. दर मिनिटाला कोणीतरी "मी हे करतो" म्हणायचं असतं, आणि ते बेधडक म्हणता यायला हवं. ड्रॅगन कसा मारायचा, हे टेबलावरच्या कोणालाच माहीत नसतं. त्यामुळे इतिहासाचा प्राध्यापक आणि अकरावीतली मुलगी एका पायरीवर येतात. 1977 चा ट्रॅव्हलर हा अंतराळातला खेळ मला मनापासून आवडतो. पण त्यात यान बिघडलं की आमच्यातला इंजिनिअर बोलतो, बाकीचे ऐकतात.

गंमत म्हणजे या खेळप्रकाराचं बीज फँटसीत पडलेलं नाही. 1969 मध्ये अमेरिकेत मिनेसोटात डेव्हिड वेझलीनं नेपोलियनच्या काळातलं ब्राउनश्टाइन हे काल्पनिक गाव मांडलं आणि खेळाडूंना फौजांऐवजी एकेक माणूस दिला. त्याच मंडळातला डेव्ह आर्नेसन ही कल्पना घेऊन ब्लॅकमूर या आपल्या काल्पनिक जगातल्या किल्ल्याखालच्या तळघरांत उतरला. पुढे खेळ रचणारा गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी मिळून केलेला डंजन्स अँड ड्रॅगन्स 1974 मध्ये आला. पहिल्या खेपेला 1,000 प्रती.

ते तळघर मला फार महत्त्वाचं वाटतं. मोकळ्या राज्यात नवखा खेळाडू गोंधळतो. तळघरात त्याच्यासमोर दोन दारं असतात आणि डाव्या दारामागून कुजका वास येतो. गेम मास्टरलाही अख्खं राज्य लागत नाही, सहा खोल्या तयार असल्या की संध्याकाळ निघते.

जपानात मात्र 1981 चा कॉल ऑफ क्थुलू हा भयकथेचा खेळ अतिशय लोकप्रिय आहे. तो आजच्या, सगळ्यांच्या ओळखीच्या शहरातही खेळता येतो. म्हणजे तिथेही कोणाला अडखळावं लागत नाही.

आमचा घाटमाथ्यावरचा खेळ मी सोडलेला नाही. साल काढून टाकलं, गडाला नवं नाव दिलं. परवा म्हातारीनं पैसे घेतलेच नाहीत. दिवटी पुढे केली आणि म्हणाली, "घराखाली भुयार आहे बाबांनो. तीन रात्री झाल्या, आतून कोणीतरी दार वाजवतंय."