पावसाची सरासरी: एफवायच्या एका सत्राचं नियोजन

[दृश्य: जूनची अखेर. स्टाफरूमचं टेबल. भिंतीवरून काढून आणलेलं कॅलेंडर, लाल पेन, गार होत चाललेला चहा.]

मी कॉलेजात एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला, सी या कॉम्प्युटर भाषेतलं प्रोग्रॅमिंग शिकवते. कागदावर आमचं सत्र १५ आठवड्यांचं आहे. दर वर्षी जूनच्या शेवटी मी हे कॅलेंडर समोर घेते आणि लाल पेनानं काट मारायला बसते.

पहिला आठवडा गेला, कारण प्रवेशच चालू असतात. शेवटच्या यादीतली मुलं ऑगस्टच्या तोंडावर दारात उभी राहतात आणि विचारतात, "मॅडम, मागचं काय काय झालं?" पुढे पंधरा ऑगस्ट, दहीहंडी. गणपतीची सुट्टी कॅलेंडरवर जेवढी दिसते तेवढीच नसते. एसटीनं गावी गेलेली मुलं गौरी-गणपतीचं विसर्जन उरकून, प्रसादाचे लाडू पिशवीत घालून, सावकाश उगवतात. मग इंटर्नल परीक्षा, मग नवरात्र, आणि दिवाळीआधी प्रॅक्टिकल परीक्षा.

उरले ११ आठवडे.

एक क्रेडिट थिअरी म्हणजे १५ तास, एक क्रेडिट प्रॅक्टिकल म्हणजे ३०. माझ्या विषयाला दोन्ही दोन-दोन क्रेडिट. म्हणजे थिअरीचे ३० तास कागदावर, हातात २२. सिलॅबस मात्र काटछाट करून येत नाही. व्हेरिएबलपासून सुरुवात आणि पॉइंटर, स्ट्रक्चर, फाइल हँडलिंगपर्यंत मजल.

[दृश्य: रिकामी लॅब. खिडकीच्या पत्र्यावर पाऊस. एकेक कॉम्प्युटर सुरू होतो.]

पहिली काही वर्षं मी नियोजन म्हणजे भागाकार समजत होते. इतके टॉपिक, इतके तास, भागून टाका. डेटा टाइपला दोन तास, लूपला दोन तास, पॉइंटरला दोन तास. टीचिंग प्लॅनचा तक्ता सुबक दिसायचा. आमच्या विभागातले एक ज्येष्ठ सर म्हणायचे, "मॅडम, तुम्ही फक्त सिलॅबस संपवा. परीक्षेचं पोरं बघून घेतात."

पोरं खरंच बघून घ्यायची. प्रॅक्टिकल परीक्षेत स्लिप येते, स्लिपवर प्रोग्रॅम असतो, आणि कुठल्या स्लिपवर कुठला प्रोग्रॅम हे मुलांना आमच्याआधी ठाऊक असतं. एका मुलीनं पॅलिनड्रोमचा, म्हणजे उलटसुलट सारखाच वाचला जाणारा शब्द ओळखायचा, प्रोग्रॅम एकही चूक न करता लिहिला. सेमिकोलन, कंस, सगळं जिथल्या तिथे. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी तोंडीत एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही काढून टाकली तर काय होईल?"

ती म्हणाली, "सर, मग मार्क जातील."

सर हसले, मीही हसले. घरी जाताना मात्र हसू आलं नाही. तिनं प्रोग्रॅम लिहिला नव्हता, म्हटला होता. लहानपणी आपण पाढे म्हणतो तसा.

[दृश्य: भूगोल विभागाची गच्ची. सकाळचे साडेआठ. एक विद्यार्थी पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओततो.]

त्याच सुमारास एक जुनं उदाहरण माझ्या वाचनात आलं. अमेरिकेत येल विद्यापीठात एलियट सोलोवे यांनी १९८०च्या दशकात नवशिक्या विद्यार्थ्यांना एक साधं काम दिलं होतं. रोजचा पाऊस आकड्यांत घेत जा. ९९९९९ हा आकडा आला की थांब. आणि पावसाची सरासरी सांग.

बस, एवढंच. सोपं वाटतं ना? कॉलेजातली मुलं यात धडाधड अडकली. चार दशकं झाली, शिक्षक आजही हे गणित देऊन बघतात आणि आजही मुलं अडकतात.

आमच्या तालुक्यात या गणिताला वेगळी प्रस्तावना लागत नाही. खिडकीबाहेर बघितलं की पुरे. भूगोलवाल्यांचं पर्जन्यमापक गच्चीवर आहे, रोज सकाळी साडेआठला नोंद होते, वही जपून ठेवलेली असते. ती वही मी मागून आणली आणि सत्राचा आराखडा उलट्या बाजूनं मांडला. नवरात्राच्या आधी वर्गातल्या प्रत्येकाला हे पावसाचं गणित स्वतःच्या डोक्यानं सुटलं पाहिजे. त्यासाठी त्याआधी काय काय यायला हवं? जे हवं त्याला वेळ द्यायचा. जे नको ते मागे ढकलायचं, किंवा एका तासात ओळख करून देऊन सोडून द्यायचं.

[दृश्य: लॅब, पहिलं प्रॅक्टिकल. कीबोर्डवर एक बोट भिरभिरतं.]

पहिला आठवडा प्रोग्रॅमिंगचा नसतोच. या मुलांच्या हातात फोन कधीचा आला आहे, पण फाइल कुठे सेव्ह झाली हा प्रश्न त्यांना आयुष्यात पडलेला नसतो. फोनमध्ये फोटो 'गॅलरीत' असतो, त्यापलीकडे त्याला पत्ता नसतो. फोल्डर म्हणजे काय, फोल्डरच्या आत फोल्डर म्हणजे काय, महिरपी कंस कीबोर्डवर कुठे असतो, यात दोन प्रॅक्टिकलं जातात. पूर्वी मला ती वाया गेल्यासारखी वाटायची. आता मी ती आधीच धरून चालते.

मग व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायची नाव दिलेली जागा. इथे बारावीचं गणित आडवं येतं. फळ्यावर 'क = क + १' लिहिलं की हुशार मुलं आधी चुळबुळतात. क हा क अधिक एक एवढा कसा असेल? बरोबरच आहे त्यांचं. सात-आठ वर्षं त्यांना आपणच सांगितलं की हे चिन्ह म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. आता सांगायचं की ही तराजू नाही. उजवीकडचं काढ आणि डावीकडच्या डब्यात ठेव.

म्हणून मी डबे खरोखरचे आणते. म्हणजे पाट्या. चार मुलं पुढे उभी राहतात, प्रत्येकाच्या हातात पाटी. एक 'पाऊस', एक 'बेरीज', एक 'मोजणी', एक 'सरासरी'. वर्गातला कुणीतरी ओळी वाचतो आणि पाटीवाले पुसून नवा आकडा लिहितात. जुना आकडा कुठे गेला? पुसला. परत मिळेल? नाही. एवढं पाटीवर दिसलं की अर्धी लढाई होते.

[दृश्य: फळ्यावर ४३२ / ६०० × १००. बाजूला मोठं शून्य.]

तिसऱ्या आठवड्यात मी मुद्दाम एक खड्डा खणून ठेवते. ६०० पैकी ४३२ गुण, टक्केवारी काढा. मुलं लिहितात, प्रोग्रॅम चालतो, उत्तर येतं शून्य. दहावीला काठावर सुटलेला मुलगाही छाती पुढे काढून सांगतो की ७२ यायला हवेत. कॉम्प्युटर चुकला! सी भाषेत पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की अपूर्णांक टाकून दिला जातो. ४३२ भागिले ६०० म्हणजे शून्य, आणि शून्य गुणिले शंभर म्हणजे शून्यच. पायथन या दुसऱ्या भाषेत हेच गणित सरळ ७२ देतं.

इथे नेहमीचा वाद निघतो, सी की पायथन. मी त्यात फार रमत नाही. आमच्या सिलॅबसात सी आहे, म्हणून सी. पण फोल्डरांनंतरच्या दोन प्रॅक्टिकलांना मी पडद्यावर कासव फिरवते. ही युक्ती जुनी, १९६७ साली जन्मलेल्या लोगो भाषेच्या कुळातली. आपल्याकडे आयआयटी मुंबईत अभिराम रानडे यांनी सी प्लस प्लस शिकवतानाही सुरुवात कासवापासूनच केली. पुढे जा, उजवीकडे वळ, असं चार वेळा कर. चौकोन उमटतो. मुलांना 'पुन्हा पुन्हा' ही कल्पना लूप हा शब्द ऐकण्याआधीच भेटते. ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांना मी आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे लावून देते.

[दृश्य: टेबलावर कागदाच्या पट्ट्या. दोन मुली पट्ट्या वरखाली सरकवत भांडतात.]

आणि मग लूप. माझ्या २२ तासांतले सात मी लूपवर घालवते. टीचिंग प्लॅन बघून वरिष्ठांच्या भुवया उंचावतात. उंचावू देत.

२००१ साली मायकल मॅक्क्रॅकन यांच्या गटानं वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांत पहिला प्रोग्रॅमिंगचा कोर्स केलेल्या मुलांची एकच परीक्षा घेतली. ११० पैकी सरासरी गुण पडले जेमतेम २३. सगळ्यांना वाटलं, मुलांना समस्या सोडवता येत नाहीत. तीन वर्षांनी रेमंड लिस्टर आणि सहकाऱ्यांनी जरा खाली उतरून बघितलं. लिहिणं राहू द्या, तयार प्रोग्रॅम दिला तर तो काय छापेल हे तरी सांगता येतं का? बऱ्याच जणांना तेही येत नव्हतं.

म्हणजे आम्ही वाचायला न शिकवता निबंध लिहायला लावत होतो.

तेव्हापासून माझ्या वर्गात लूप आधी वाचला जातो. वहीत उभे रकाने आखायचे आणि ड्राय रन करायचा, म्हणजे प्रोग्रॅम ओळीओळीनं हातानं चालवून बघायचा. पाऊस ४५, बेरीज ४५, मोजणी १. पाऊस ०, बेरीज ४५, मोजणी २. पाऊस ७०, बेरीज ११५, मोजणी ३. पाऊस १२, बेरीज १२७, मोजणी ४. जर्नलमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमच्या शेजारी हा तक्ता नसेल तर मी सही करत नाही. दुसरा खेळ पट्ट्यांचा. प्रोग्रॅमच्या ओळी कापून, विस्कटून द्यायच्या आणि क्रम लावायला सांगायचं. हा प्रकार न्यूझीलंडमधल्या दोन शिक्षिकांनी २००६ साली मांडला. याला लॅब लागत नाही, वीज लागत नाही. आमच्याकडे जुलैत वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे पट्ट्यांचा लिफाफा कायम पर्समध्ये.

'इफ', म्हणजे अट, शिकवायलाही पाऊसच कामी येतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की सरकारी भाषेत अतिवृष्टी. शेतकऱ्याच्या घरच्या मुलांना हा आकडा तोंडपाठ असतो. पंचनामा त्यावर अडतो.

[दृश्य: पडद्यावर आकड्यांची न थांबणारी रांग.]

आता माझ्या फजितीची गोष्ट. या नव्या आराखड्याच्या पहिल्याच वर्षी मी मोठ्या उत्साहानं पावसाचं गणित लॅबमध्ये दिलं. तेव्हा आमच्याकडे निळ्या पडद्याचा तो जुना कंपायलर होता, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर. नाव सांगत नाही; महाराष्ट्रात ज्यानं म्हणून सी केलं आहे त्याच्या डोळ्यांसमोर तो निळा आला असेल. मुलांनी पाऊस भरला, शेवटी ९९९९९ दिलं, आणि प्रोग्रॅम थांबेचना. पुन्हा ९९९९९. पुन्हा विचारतो, पाऊस किती? एका मुलाचा नाही, अख्ख्या बॅचचा. मी एकेकाची ओळन् ओळ तपासत फिरले. चूक सापडेना, कारण चूक त्यांची नव्हतीच. त्या कंपायलरमध्ये 'इंट', म्हणजे पूर्णांकाचा डबा, १६ बिटांचा. ३२७६७ च्या पुढचा आकडा त्यात मावतच नाही. ९९९९९ डब्यात शिरताना भलताच काहीतरी होऊन बसत होता, आणि लूप बिचारा कधीही न येणाऱ्या पाहुण्याची वाट बघत होता. मी घरी एकदा तो चालवून बघितला असता तर कळलं असतं. बघितला नव्हता.

त्या निळ्या पडद्यावर आठचा फॅक्टोरिअल, म्हणजे एक ते आठचा गुणाकार, उणे २५२१६ कसा येतो, हे आठवून अनेकांना आता हसू येईल. आकडा डब्यात न मावणं म्हणजे 'ओव्हरफ्लो', असं आम्ही पाठ करून म्हणायचो. मला तो खरा समजला त्या दिवशी, बॅचसमोर घामाघूम होऊन.

नवा कंपायलर आला, लूप थांबू लागला, आणि दुसरी मजा सुरू झाली. मुलं ९९९९९ सुद्धा पाऊस समजून बेरजेत धरतात. मघाच्या चार दिवसांची बेरीज १००१२६, भागिले पाच, सरासरी २००२५ मिलिमीटर. रोज वीस मीटर पाऊस! "मॅडम, बोटी काढा," मागच्या बाकावरून आवाज येतो. ज्याच्या पडद्यावर हे उत्तर आलं तो लाल होतो, पण आधी आकडा वाचायचा, मग तो ९९९९९ आहे का ते तपासायचं आणि मगच बेरीज, हा ओळींचा क्रम तो पुन्हा विसरत नाही.

[दृश्य: व्हरांडा. तीन मुलं एका फोनवर वाकलेली.]

नोव्हेंबर २०२२ नंतर आणखी एक गोष्ट प्लॅनमध्ये घ्यावी लागली. प्रश्न फोनमध्ये टाकला की चॅटजीपीटी पावसाचा प्रोग्रॅम क्षणात लिहून देतं, आणि बहुतेक वेळा चांगला लिहून देतं. मी बंदी घातली नाही. घातली असती तरी कोण पाळणार? मी फक्त घरच्या असाइनमेंटचे गुण कमी केले आणि समोर बसून बोलायचे वाढवले. प्रत्येकाला पाच मिनिटं. "ही ओळ काढली तर काय होईल?" आता हा प्रश्न एक्स्टर्नल सरांच्या आधी मीच विचारते, आणि सत्रभर विचारते. वीस मुलांची बॅच म्हणजे शंभर मिनिटं. एक आख्खं प्रॅक्टिकल जवळजवळ त्यात जातं, म्हणून ते कॅलेंडरवर आधीच हिरव्या शाईनं लिहिलेलं असतं.

याची किंमत आहे. पॉइंटरला एक तास मिळतो. फाइल हँडलिंग मी दाखवते, शिकवते असं म्हणणार नाही. पुढच्या सत्राचे सर कुरकुरतात, आणि त्यांचं अगदीच चूक नाही.

[दृश्य: सप्टेंबरची अखेर. लॅब. भूगोल विभागाची नोंदवही टेबलावर उघडी, पानांच्या कडा दमट.]

शेवटच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांना खरी वही मिळते. जुलैची पानं. आकडे भरा, सरासरी काढा, अतिवृष्टीचे दिवस मोजा.

गेल्या वर्षी एक मुलगा बराच वेळ काहीच टाइप करत नव्हता. ऑगस्टात उशिरा आलेला, फारसा न बोलणारा. मी जवळ गेले. त्यानं वहीतल्या दोन जागा दाखवल्या. एका दिवसासमोर शून्य होतं. दुसऱ्यासमोर नुसती रेघ, त्या दिवशी नोंद घ्यायला कुणी गच्चीवर गेलंच नव्हतं.

"मॅडम, रेघेला पण शून्य टाकू? पण मग पाऊस पडलाच नाही असं होईल ना?"

मी त्याला उत्तर दिलं नाही. शेजारच्या मुलीला खुर्ची ओढायला सांगितली. दोघांनी वही उलटी करून मागच्या कोऱ्या पानावर रकाने आखायला घेतले.