अर्ध्या मिलिमीटरची कातडी

[दृश्य: मालवणचा किनारा, मे महिना, भर दुपार. वाळूवर ओढून ठेवलेल्या फायबरच्या होड्या. एका होडीच्या बाहेरच्या अंगावरून फिरणारा हात.]

या होडीच्या अंगावरून एकदा तळवा फिरवा. पांढरी भुकटी हाताला लागते. समुद्राचं मीठ असेल, असं वाटतं. म्हणून गोड्या पाण्यानं धुवा, वाळू द्या आणि पुन्हा हात फिरवा. भुकटी परत येते. मीठ तर केव्हाच धुऊन गेलेलं असतं. ही भुकटी होडीच्या स्वतःच्या अंगाची असते.

कोकणच्या कुठल्याही बंदरावर जा, हर्णै, मिरकरवाडा, देवगड, वेंगुर्ले, हेच दिसेल. चार-पाच पावसाळे पाहिलेली होडी निस्तेज होते. निळा रंग राखाडी दिसायला लागतो, लाल रंग गुलाबी होतो आणि पांढऱ्यावर पिवळट झाक येते. लोक म्हणतात, खाऱ्या वाऱ्यानं खाल्लं. खारं वारं लोखंडाला खातं हे खरंच. फायबरच्या बाबतीत मात्र पहिला गुन्हेगार डोक्यावर असतो: ऊन.

[दृश्य: फायबर होड्यांचा कारखाना. उघडा साचा. ब्रशनं रेझिन लावणारे कारागीर.]

आधी ही होडी बांधतात कशी, ते पाहू. लाकडी होडीत सांगाडा उभा राहतो आणि त्यावर फळ्या चढतात. फायबरची होडी साच्यात जन्मते, आणि तिचं सगळ्यात बाहेरचं अंग सगळ्यात आधी तयार होतं. साच्याला मेण लावून तो आरशासारखा गुळगुळीत करतात आणि त्यावर रंगीत रेझिनचा, म्हणजे नंतर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाचा, एक थर देतात. हा जेलकोट. त्यात काचेचे तंतू नसतात, नुसतं रेझिन आणि रंग. तो जरा आवळला की त्यावर काचतंतूंची मॅट अंथरायची, ती पॉलिएस्टर रेझिननं भिजवायची, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे, मग पुढची मॅट. कारखान्यात शिरताच नाकात जाणारा गोडसर उग्र वास स्टायरीनचा. रेझिन त्याच्यातच विरघळवलेलं असतं. हार्डनर टाकला की स्टायरीन पॉलिएस्टरच्या साखळ्यांना एकमेकींशी जोडत जातं आणि पातळ रेझिनचा कडक घन पदार्थ होतो.

होडीला ताकद देतात त्या आतल्या मॅटी. बाहेरचा जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाड, म्हणजे होडीची कातडी. ऊन, पाऊस, खारं पाणी, वाळूचं घासणं, सगळं या कातडीनं सोसायचं असतं.

अमेरिकेत रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये पॉलिएस्टर रेझिन आणि काचतंतूंची होडी बनवली. युद्ध संपल्यावर ही पद्धत जगभर पसरली. आपल्याकडे २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कट्टुमरमची, म्हणजे ओंडके बांधून केलेल्या तराफ्यांची, जागा मोठ्या प्रमाणावर फायबरच्या बोटींनी घेतली. कोकणातही लहान होड्या फायबरच्या झाल्या, आणि लाकडी नौकांनाही बाहेरून फायबरचा थर देऊ लागले. याला कारण होतं. लाकडाला दरवर्षी तेल पाजा, फटी बुजवा, किडीवर नजर ठेवा, आणि एवढं करून चांगलं लाकूड महाग. फायबरला कीड लागत नाही, ते कुजत नाही आणि वजनाला हलकं असतं. यातूनच एक समज रुजला की फायबरला काही करावं लागत नाही. या समजानं किनाऱ्यावरच्या कितीतरी होड्यांचं आयुष्य कमी केलं आहे.

[दृश्य: आकाश. मग जमिनीत रोवलेली काठी, तिच्या पायाशी मिटलेली सावली.]

मालवण १६ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. रत्नागिरीत हे काही दिवसांनी घडतं, मुंबईत मेच्या मध्यात. ऑगस्टमध्ये सूर्य परतताना पुन्हा तोच योग येतो, पण तेव्हा वर ढग असतात. ढग आले म्हणून अतिनील किरण थांबत मात्र नाहीत. पातळ ढगांतून त्यांतले ९० टक्क्यांहून अधिक खाली येऊ शकतात.

जमिनीवर पोचणाऱ्या उन्हाच्या ऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपासच असतो. नासधूस करायला तेवढा पुरतो. ३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणाची ऊर्जा मोलमागे ४०० किलोज्यूलच्या जवळपास भरते. कार्बनचे दोन अणू एकेरी बंधानं धरलेले असतील तर तो बंध तोडायला सुमारे ३५० लागतात. म्हणजे हत्यार पुरेसं धारदार आहे. त्यात पॉलिएस्टर रेझिनमध्ये आणि स्टायरीनमध्ये बेंझिनची कडी असतात, ती हे किरण शोषून घेतात. बंध तुटतात, तुटलेल्या टोकांना हवेतला ऑक्सिजन चिकटतो, आणि ती टोकं शेजारच्या साखळीवर तुटून पडतात. या गडबडीत तयार होणारे काही नवे रेणू पिवळे दिसतात. पिवळेपणा येतो तो इथून.

मग चकाकी जाते. हे सगळं अगदी वरच्या काही मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चालतं. रेझिन झिजतं, त्यानं धरून ठेवलेले रंगाचे कण सुटे होतात आणि भुकटी बनून वर बसतात. पाऊस ती धुऊन नेतो, खालचा ताजा थर उघडा पडतो, उन्हाचं काम पुन्हा सुरू.

वरच्या उन्हाशिवाय खालूनही मार बसतो. कोरडी वाळू १५ टक्क्यांच्या आसपास अतिनील किरण परत फेकते, फेसाळ लाटा २५ टक्क्यांच्या. वाळूवर ठेवलेल्या होडीच्या पोटालाही ऊन लागतं ते असं. आणि गडद रंगाचं अंग तापतंही जास्त. तापलं की तोडफोडीचा वेग वाढतो.

[दृश्य: पांढरी होडी आणि गडद निळी होडी शेजारी शेजारी.]

पांढऱ्या होड्या जास्त का टिकतात? पांढरा रंग असतो टायटॅनियम डायऑक्साइडचा. त्याचा रुटाइल हा प्रकार अतिनील किरण स्वतःच शोषतो आणि रेझिनला आडोसा देतो. पांढरी होडी तापतेही कमी. लाल आणि निळा आवडतो, मान्य. नाळेवरचे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरचे, पट्टे, नाव, देवाचं चित्र त्या रंगांत शोभून दिसतं. पण पूर्ण होडी गडद रंगात काढून घ्यायची असेल, तर तिची निगा जास्त लागेल हे आधीच ठरवून घ्यावं. कारखानदाराला एक प्रश्न विचारायचाच: जेलकोट कुठला? आयसो-एनपीजी आणि ऑर्थो हे पॉलिएस्टर रेझिनचे प्रकार; आयसो-एनपीजीचा जेलकोट साध्या ऑर्थोपेक्षा ऊन आणि पाणी दोन्ही जास्त सोसतो. चांगल्या जेलकोटमध्ये किरण शोषणारी आणि तुटलेल्या टोकांना आवर घालणारी द्रव्यं मिसळलेली असतात. बचत करायची तर दुसरीकडे करावी, या अर्ध्या मिलिमीटरमध्ये नाही.

[दृश्य: बफिंग मशीन. निस्तेज अंगावर चमकत जाणारा पट्टा.]

हे दृश्य सगळ्यांना आवडतं. मशीन फिरतं, निस्तेज अंग आरशासारखं होतं, होडी नवी दिसायला लागते. पण चमक येते कुठून? रबिंग कंपाउंड वरचा मेलेला थर खरवडून काढतं आणि खालचा धड थर उघडा करतं. जास्तच खराब असेल तर आधी ८००, १०००, १२०० नंबरचा वॉटर पेपर पाण्याबरोबर मारतात, म्हणजे आणखी थर जातो. पॉलिश म्हणजे कातडी पातळ करणं. दरवर्षी मशीन मारत राहिलात तर एक दिवस रंगातून खालच्या मॅटचा नक्षीसारखा आकार दिसायला लागतो, आणि मग घासून भागत नाही. म्हणून सगळं लक्ष आधीच्या जपणुकीवर हवं. घासायची वेळ जितकी उशिरा येईल तितकी होडी टिकते.

घासल्यावर मेण लावायचंच. घासलेलं अंग तसंच उघडं सोडणं हे मला अर्धवट मलमपट्टी करण्यासारखं वाटतं. उत्तम मेण कार्नाउबाचं. ब्राझीलमध्ये माडाच्या कुळातलं एक झाड आहे, ते आपल्या पानांतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून त्यांवर मेण चढवतं. तेच मेण आपण होडीला लावतो. मेण बारीक छिद्रं बुजवतं, पाणी आणि मीठ बसू देत नाही, झीज आपल्या अंगावर घेतं. मात्र नुसतं मेण अतिनील किरण फारसे अडवत नाही. किरण शोषणारं द्रव्य घातलेलं मेण मिळतं, ते घ्यावं. आणि काही महिन्यांत ते उडून जातं, पुन्हा लावावं लागतं. होडी सावलीत, अंग गार असताना, पातळ हात.

[दृश्य: पहाटे समुद्रात गेलेली होडी परत येते. वाळूवर ओढतात. सूर्य चढत जातो.]

आता सगळ्यात महत्त्वाचं. लहान होड्यांची मासेमारी बरीचशी पहाटे किंवा रात्री. सकाळी होडी परत येते, मासळी उतरते आणि होडी वाळूवर. दिवसभरातले साधारण ६० टक्के अतिनील किरण सकाळी १० ते दुपारी २ या वेळात पडतात, नेमकी होडी रिकामी उभी असताना. समुद्रात काम करताना तिला जेवढं ऊन लागतं, त्याहून जास्त ती आराम करताना सोसते.

त्यामुळे सावली हे पहिलं औषध, आणि बाजारातल्या कुठल्याही बाटलीपेक्षा स्वस्त. चार बांबूंवर माडाच्या विणलेल्या झापांचं छप्पर घातलं तरी चालतं. आपल्या आज्या-पणज्यांनी घरं याच झापांनी शाकारली. शेतीच्या दुकानात शेडनेट मिळतं, ५०, ७५, ९० टक्के सावलीचं; होडीसाठी ९० घ्यावं.

निळी प्लॅस्टिकची ताडपत्री सगळीकडे दिसते. तिलाही ऊन खातंच, म्हणून एका हंगामात तिच्या चिंध्या होतात आणि त्या वाळूत, मग समुद्रात जातात. काजळी मिसळलेलं काळं प्लॅस्टिक जास्त टिकतं, कारण काजळी किरण गिळते. पण कुठलंही आच्छादन होडीच्या अंगाला चिकटून बांधू नका. आत ओल कोंडते, वाऱ्यानं कापड फडफडतं आणि जेलकोट घासला जातो. मध्ये हातभर हवा खेळू द्या.

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होड्या शाकारून ठेवण्याची रीत जुनीच आहे. फायबरलाही ती तितकीच लागू पडते. फक्त पाणी साचू नये म्हणून खालचं बूच काढून ठेवा.

[दृश्य: जुनी होडी. रंग उडून दिसणारे काचेचे तंतू. हातमोजे घातलेले हात.]

कातडी संपली की आतलं रेझिन झिजायला लागतं आणि काचेचे तंतू उभे राहतात. काचेला उन्हानं काही होत नाही, पण तिला धरणारं कोणी उरत नाही. जाळं ओढणाऱ्याच्या दंडाला, मांडीला ते टोचतात, खाज सुटते. त्या तंतूंच्या वाटेनं पाणीही आत शिरतं. अशा होडीवर सरळ ऑइल पेंट मारून वेळ निभावणारे बरेच आहेत. तो पापुद्र्यांनी सुटतो.

डागडुजी करताना इपॉक्सी हे दुसऱ्या प्रकारचं रेझिन वापरलं असेल तर ते झाकलंच पाहिजे. चिकटायला इपॉक्सीसारखं दुसरं नाही, पण उन्हात ते पॉलिएस्टरपेक्षाही लवकर भुकटतं. आणि एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे: हार्डनर आणि कोबाल्टचं अ‍ॅक्सिलरेटर (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव्य) कधीही थेट एकमेकांत ओतू नका, स्फोट होऊ शकतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग दुसरं. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, चष्मा हवा. घासताना मास्क हवा.

[दृश्य: मांडवाखाली होडी. रोलरनं रंग देणारा कारागीर.]

पातळ झालेल्या जेलकोटवर उपाय एकच, नवं आवरण. दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग, कारागिरांच्या भाषेत टू-पॅक पीयू. त्यात अ‍ॅलिफॅटिक प्रकारचा घ्यायचा, तो उन्हात पिवळा पडत नाही. आधी थिनरनं पुसून जुनं मेण काढा, मग पॉलिश पेपर, मग इपॉक्सी प्रायमर, आणि प्रायमर उन्हात फार दिवस उघडा न ठेवता त्यावर पीयू. हा रंग फवारायचा असेल तर साधा कापडी मास्क कामाचा नाही. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना इजा करतं, म्हणून उघड्या जागेत ब्रश आणि रोलर बरा.

अडचण अशी, की होडी मोकळी असते पावसाळ्यात आणि हा रंग ओलाव्याशी भांडतो. दमट हवेत त्याची चमक मरते, बुडबुडे येतात. जेलकोटची दुरुस्तीही ओल्या अंगावर धरत नाही. त्यामुळे मेमध्ये होडी वर ओढल्यापासून पहिल्या पावसापर्यंत जे कोरडे दिवस मिळतील, तेवढ्यातच हे काम बसवावं लागतं. तेही मांडवाखाली, कारण तापलेल्या अंगावर रंग पसरायच्या आत आवळतो. सकाळी अंगावरची ओल पूर्ण गेल्यावर सुरुवात करायची आणि दुपारी तीन-चारपर्यंत हात थांबवायचा, म्हणजे रात्रीची दमट हवा उतरेपर्यंत थर बसलेला असतो.